क्षारपडीतला जिताडा

३ मे, सातारा
दुपारी सांगलीहून दादाचा फोन. फौजेतून आल्यावर त्यानं नदीकाठच्या क्षारपडीत तळं खणलं. तिथं ऊस कधी धरलाच नाही, म्हणून खाडीकडची जिताड्याची पिल्लं आणून सोडली. "मासं वर येऊन लोळत्यात गं. अंगावर लाल चट्टं हायत." उद्या निघते.

४ मे
तळ्याचं पाणी आटलेलं, गरम. माशांची दाटी. वहिनी मेलेले गोळा करत होती. नमुने बर्फात घालून परत. हाताचा वास जात नाही. जेवले नाही.

६ मे
नमुन्यांतल्या जिवाणूंची बशीवर वाढ आली. प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत नेली तर निळसर उजेड. म्हणजे तोच, समुद्रातला चमकणारा जिवाणू. पिल्लांबरोबर आला असणार. थोडे असले की हे जिवाणू गप्प. प्रत्येक जण पाण्यात एक रसायन सोडत राहतो. गर्दी वाढली, रसायन साठलं, की सगळे एकदम विष सोडतात. एवढी वर्षं हेच शिकतेय. पूर्वी तो उजेड बघून बरं वाटायचं. आज नुसती बसून राहिले.

७ मे
दादाला सांगितलं. "त्यांचं आपसातलं बोलणं बंद पाडायचं औषध करतीस न्हवं तू? मग टाक की."
म्हटलं, ते काचेच्या टाकीत, बोटभर माशांवर चालतं. तेही दर वेळी नाही. तळ्यात काय होईल, मला माहीत नाही.
दादा म्हणाला, "मग एवढी वरसं केलंस काय?"
फोन वहिनीनं घेतला.

९ मे, सांगली
दादा पाणी चरात सोडून तळं रिकामं करायला निघालेला. त्याच चरातनं खाली रशीदभाईंच्या तळ्यात पाणी जातं. मी पाणी उपसायच्या मोटारीजवळ उभी राहिले.
"सोडलंस तर त्यांचंही तळं जाईल."
"आन् माझं गेलं त्याचं?" राग नव्हता आवाजात. दमला होता.
बांधावर बसून राहिला. मग स्वतःच उठून खाली गेला. "आमचं पाणी नासलंय, भाई. चराचं तोंड बंद करून घ्या."
रशीदभाई चराचं तोंड बुजवून आले, ते जाळं ओढायलाच थांबले.

१० मे
वरून धडधाकट दिसणारे मासेही चुन्यात पुरले. पाण्यात ब्लीचिंग. सगळ्यांचे डोळे चुरचुरतायत.

१५ मे, सातारा
रशीदभाईंच्या पाण्यातही ते जिवाणू निघाले. थोडेच. मासे अजून खातायत, पळतायत. फोन केला.
"मग काढू का ठेवू, ताई? तुमी सांगाल तसं."
निम्मे काढा, म्हटलं. बोअरचं पाणी घाला, म्हणजे जिवाणूंची गर्दी विरळ होईल. त्यानं थांबेलच असं नाही.
दादा तिथंच होता. फोन घेतला. "ती तुझी काचंची टाकी हिकडं आण. तुझं औषध ह्याच पाण्यात, ह्याच माशांवर बघू. आमी हाय की लक्ष ठेवायला."
अजून हो म्हटलेलं नाही. पण टाकी धुऊन वाळायला पालथी घातलीय.