अननसाचा शेंडा

२४ एप्रिल १९८८
शोभा आज धुळ्याला सासरी परत गेली. आखाजीच्या सणाचे, माहेरपणाचे पाच दिवस कसे गेले कळलं नाही. काल ह्यांनी स्टेशनाजवळून अननस आणला होता. मीठ-तिखट लावून दोघींनी संपवला, जास्त तिनेच. "आई, जीभ चरचरते," म्हणत खातच राहिली. हिरवा शेंडा फेकवेना. खालची पानं सोलून सावलीत ठेवलाय. शेजारच्या शकीलाबी म्हणतात, लागतो. त्यांचं माहेर रत्नागिरीकडचं, परसात असायचे.

२७ एप्रिल
तुपाच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली. गिरणा नदीची वाळू, थोडं शेणखत. शेंडा उभा केला. पाणी मुळाशी कमी, पानांच्या मधल्या वाटीत जास्त. फळाला दोन वर्षं लागतील म्हणे. लागोत.

११ मे
जावईबापूंचं कार्ड. शोभाला दवाखान्यात न्यावं लागलं. दोन महिन्यांचं गेलं. दिवस गेलेत हे तिलाच ठाऊक नव्हतं, मला कुठून...

१४ मे
धुळ्याहून आत्ताच आलो. विहीणबाईंनी विचारलं, आखाजीला काय काय खाल्लं. मी एकेक सांगत गेले, मांडे, आंब्याचा रस, अननस. शोभाने माझ्याकडे पाहिलं. तोवर बोलून झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलंय, फळाचा संबंध नाही. विहीणबाई एवढंच म्हणाल्या, "खाधं तुमना घर, रडनं आमना घर."
 

२ मे १९८९
आखाजी तोंडावर आली. हे मूळ म्हणून शोभाला आणायला गेले, तर पाठवणार नाही असं जावईबापूंनी स्टँडवरच सांगितलं. गल्लीत झोके बांधलेत, पोरींची गाणी ऐकू येतात. दार लोटून घेतलं.
ऊन मरणाचं. आठ दिवस अननसाच्या झाडाला मुद्दाम पाणी घातलं नाही. पानं तांबूस झाली, मेलं नाही. संध्याकाळी घातलं. वर ओलं पोतं टाकलं. कडेच्या काट्यांनी मनगट सोलून निघालं.

१८ जानेवारी १९९०
पानांच्या पोटात लाल काहीतरी दिसतंय. शकीलाबी बघून म्हणाल्या, "वहिनी, फळ धरलं." इतका आनंद झाला की शोभाला लगेच पत्र लिहिलं. पत्र टाकून आले नि पायरीवरच बसले. तिथे पत्रं आधी विहीणबाई कुणाकडून तरी वाचून घेतात.

९ मार्च
शोभाला तिसरा महिना लागला. एकविरा आई, या खेपेला सांभाळ. मंगळवार धरले.

२० जून
जावईबापूंचं कार्ड. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत आहे, सातव्यात आणून सोडतो, पण ते अननसाचं झाड दारात असेल तर आई पाठवणार नाही. झाड त्यांना मीच कळवलं, दुसऱ्या कुणी नाही.
हे म्हणाले, "उपटून टाक, दोन मिनिटांचं काम."

२१ जून
कोयता घेऊन गेले. फळ नारळाएवढं झालंय. बुडाशी दोन पिल्लं फुटलीत. शकीलाबी सांगतात, एकदा फळ दिलं की आईझाड वाळतं, पिल्लं पुढे चालतात. भरलं झाड तोडू नये, असं माझी आई सांगायची. शोभाला पुढच्या महिन्यात सातवा लागेल, आणि मी...
कोयता धुऊन ठेवला.

२२ जून
कोयता घेऊन पुन्हा गेले. नाही जमलं.

१ जुलै
शकीलाबींनी डबा स्वतःच भिंतीपलीकडे त्यांच्या अंगणात नेला. "माझ्याकडे राहू द्या वहिनी. साठीच्या बाईला अननस काय करणार." दोन वर्षांत पहिल्यांदा हसू आलं. कार्ड टाकलं, दारात झाड नाही. खोटं नाही. देवापुढे मात्र तोंड वर होईना.

९ जुलै
उद्या दुपारच्या एसटीने शोभा येते. विहीणबाई सोबत. घर बघून घेतील, मगच तिला ठेवतील.
अंगण सारवलं. धूप घातला. फिनेल टाकलं. अननस पिकला. शकीलाबींचं घर पश्चिमेला, वारा तिकडूनच. देवघरातसुद्धा उदबत्तीवर चढून वास येतो. भिंतीवरून म्हटलं, आजच कापा. म्हणाल्या, "कापला तर दुप्पट सुटेल. घरात झाकून ठेवते." आत नेलाय. तरी येतोच.
ह्यांना विचारलं, येतोय का. "नाही," म्हणाले, आणि खिडकी लावली.
शोभाला हा वास फार आवडतो.