निर्मनुष्य डेरीनामोनातली अंत्ययात्रा

दि. १९ नोव्हेंबर २०२५, बुधवार

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
पीटभूमी धोरण संकलन व वर्गीकरण कक्ष,
डब्लिन.

विषय : डेरीनामोना दलदलीतील चराचा बांध उद्या, गुरुवारी, एका दिवसापुरता उघडून मिळण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र, ज्यात 'सदर ठिकाणी रहिवासी नसल्याने हरकत विचारात घेता येत नाही' असे कळवले आहे.

महोदय,

मी, फिन्टन गेगन, दूध गोळा करणाऱ्या टँकरचा चालक, विनंतीपूर्वक अर्ज करतो की माझी आत्या हनोरा गेगन ही सोमवारी पहाटे डेरीनामोना येथील राहत्या घरी वारली. तिला उद्या चर्चच्या आवारात, माझ्या आजोबांशेजारी पुरायचे आहे. घरापासून रस्त्यापर्यंतची एकुलती एक गाडीवाट आपल्या बांधाच्या पाण्याखाली आहे. 'राहत्या घरी' हे शब्द आपल्या नोंदीत बसत नाहीत, याची मला कल्पना आहे. तरीही ते खोडलेले नाहीत.

युरोपातल्या सगळ्या सरकारांची दलदलीबद्दलची धोरणे एकत्र करून ती वर्गवार लावण्याचे थोर काम आपला कक्ष करतो. मागल्या वसंतात त्या कामासाठी आपले एक तरुण अधिकारी आमच्याकडे आले होते. मुलगा सभ्य होता. बूट भिजले होते म्हणून आत्याने त्याला चुलीपुढे बसवले, बूट काढायला लावले, चहा आणि लोणी लावलेला सोडा ब्रेड दिला. चुलीत टर्फ जळत होता. दलदलीची माती कापून, विटा पाडून, वाळवून आम्ही जाळतो तोच हा टर्फ. आपल्या अधिकाऱ्याचे मोजे त्याच्याच धगीवर वाळले.

इथे आमच्याकडची एक खोड सांगणे भाग आहे. कागद घेऊन आलेल्या माणसाला आम्ही काही म्हणजे काही सांगत नाही. पूर्वी जमीनदाराचा कारकून यायचा, मग सारावसुलीवाला, मग टर्फ कापू नका म्हणणारा. पिढ्यान्‌पिढ्या जिभेला वळणच तसे पडले आहे. मी त्या दिवशी तिथेच होतो, त्यामुळे पुढचे संभाषण ऐकीव नाही.

"इथं टर्फ कोण कापतं, आजी?" त्याने विचारले.

"कोण कापणार रे बाबा आता? घे, अजून एक तुकडा घे."

"आणि वस्ती?"

"वस्ती कसली? वारा राहतो इथं. चहात साखर हवी का?"

शेजारचा ल्यूक डोलन तेव्हा दाराशी टर्फची पाटी घेऊनच उभा होता. त्याला विचारले तर म्हणाला, "मी सहज चाललो होतो इकडून." मुलाने ते लिहून घेतले. समोर बसलेली बाई त्याने लिहिली नाही, तिने सांगितलेले लिहिले. आम्हाला तेव्हा फार हसू आले. तो गेल्यावर ल्यूक म्हणाला, "हनोरा, तुझं भूत चहा झकास करतं." आत्याने त्याला चिमटा फेकून मारला.

त्या उत्तरांवरून आपण डेरीनामोना 'निर्मनुष्य, वापरात नसलेली' या वर्गात टाकली. त्या वर्गातल्या दलदलीत पाणी अडवून, हवामान बिघडू नये म्हणून ती पुन्हा ओली करावी, असे धोरण आहे. चांगले धोरण आहे, माझा त्याला विरोध नाही. हवा सुधारावी असे दूधवाल्यालाही वाटते. उन्हाळ्यात माणसे आली, चरात फळ्यांचा बांध घालून गेली, आणि हॅलोवीनच्या सुमारास गाडीवाट दिसेनाशी झाली.

आपले संकलन मी पूर्ण वाचले आहे. मेहनत दिसते. मात्र शेतीच्या वर्गात हा चर घरमालकाने दरवर्षी साफ ठेवलाच पाहिजे असे आहे, हवामानाच्या वर्गात तो बुजवलाच पाहिजे असे आहे, आणि वारशाच्या वर्गात त्याला कोणी हात लावू नये असे आहे. हे तीन चर नसून एकच आहे. बांध घातल्यानंतर महिन्याभरात आत्याला चर साफ न केल्याबद्दल दुसऱ्या एका खात्याची नोटीस आली. तिसऱ्या एका खात्याने, दुर्गम जागी एकट्या राहणाऱ्या वृद्धांना सरपणासाठी मिळते ती मदत तिच्या नावे मंजूर केली, तीही त्याच घराच्या पत्त्यावर. म्हणजे सरकारच्या एका हाताने तिला ऊब दिली, दुसऱ्याने धमकावले, आणि तिसऱ्याच्या लेखी ती जन्मलीच नव्हती.

आत्याला आपल्या कार्यालयात मीच घेऊन आलो होतो. बुडालेल्या वाटेवर आम्ही टाकलेल्या फळ्यांवरून तोल सांभाळत रस्त्यापर्यंत आली, वाटेत एक बूट चिखलात गेला, तरी रविवारची टोपी घालून आपल्यापुढे बसली. "मी राहते तिथं," हे वाक्य ती टँकरमध्ये वाटभर घोकत होती. ते तिने म्हटलेही. मग आपण अगदी नम्रपणे विचारलेत, "मग घरात जाळता काय?" आणि महोदय, जिभेचे वळण. आत्या म्हणाली, "काही नाही. मला थंडी वाजत नाही." मी टेबलाखालून तिला पायाने ढोसले. तिने माझ्याकडे पाहून सांगितले, "याला वाजते." आपण लिहून घेतलेत की सदर जागी इंधनाचा वापर नाही, सबब वास्तव्य सिद्ध होत नाही. मग आम्ही परत निघालो. घराजवळ आल्यावर म्हणाली, "फिन्टन, मी काय केलं रे हे?" 

रविवारी संध्याकाळी तिच्या छातीत दुखू लागले. डॉक्टरबाईंची गाडी रस्त्यावरच थांबली. त्या फळ्यांवरून चालत, एकदा कमरेपर्यंत पाण्यात जाऊन पोचल्या. लवकर पोचल्या असत्या तर आत्या वाचली असती, असा माझा दावा नाही. डॉक्टरबाईंनीही तसे म्हटले नाही. त्या फक्त चुलीपाशी उभ्या राहून बराच वेळ रडल्या.

आज आत्या घरात आहे, शवपेटी उघडी आहे, आणि शेजारी आळीपाळीने सोबतीला बसले आहेत. ही आमची रीत. प्रत्येक जण येताना सँडविच आणि कोटाखाली टर्फच्या दोन विटा घेऊन येतो, चूल विझू नये म्हणून. जिथे कोणी टर्फ कापत नाही तिथे इतका टर्फ कुठून आला, हे आपण विचारलेत तर सगळे जण आपल्याला सांगतील की त्यांना माहीत नाही.

प्रश्न पेटीचा आहे. पेटी सहा जणांनी खांद्यावर न्यायची असते, वाटेत खांदे बदलायचे असतात, आणि घरचा टर्फ जिथून कापतात त्या काठाशी क्षणभर थांबायचे असते. फळ्यांवर एका वेळी एकच माणूस मावतो. ल्यूकने ट्रॅक्टर घालून पाहिला. ट्रॅक्टर अजून तिथेच आहे. नाव आणू असे कोणी सुचवले, तर फादर मलरूनी म्हणाले, "मी कशातही प्रार्थना म्हणेन, पण मला पोहता येत नाही."

काल मी आपल्या कार्यालयाला फोन केला. बाई सौजन्याने बोलल्या. बांध उघडण्याची विनंती फक्त रहिवासी करू शकतो, म्हणाल्या. ती रहिवासीच होती, असे मी म्हटले. "होती म्हणजे आता नाहीत ना?" त्या म्हणाल्या. जिवंत असताना ती तिथे राहत नव्हती, आणि मेल्यावर तर राहतच नाही. आपल्या कक्षाची चूक मला कुठे सापडत नाही, आणि त्यानेच डोके फिरायची पाळी आली आहे.

तरी विनंती एवढीच की उद्या सकाळी बांधाच्या मधल्या फळ्या काढू द्याव्यात. तो चर ल्यूकच्या वडिलांनी खणला होता. ल्यूक म्हणतो दुपारपर्यंत वाट उघडी पडेल. पेटी रस्त्याला लागली की फळ्या आम्ही स्वतः परत बसवू. वर्ग बदलून मागत नाही. आता त्या घरात खरोखरच कोणी राहणार नाही. आपली नोंद अखेर बरोबर ठरली आहे.

परवानगी न मिळाल्यास आम्हाला तिला दलदलीतच ठेवावे लागेल. आपणास ठाऊक आहेच की आमची दलदल कोणाला कुजू देत नाही. हजारेक वर्षांनी आपल्या कक्षातले कोणी तिथे खणेल, तेव्हा ती रविवारच्या टोपीसकट सापडेल. ही कोण, कोणत्या काळातली, इथे माणसे राहत होती का, यावर विद्वान वाद घालतील आणि तिला एखाद्या वर्गात टाकतील. त्यांचे श्रम वाचावेत म्हणून आपण आजच कुठेतरी नोंदवून ठेवावे, की तिचे नाव हनोरा गेगन होते, ती इथेच राहत होती, आणि तिला थंडी वाजत असे.

आपला, सध्या तरी नोंदीत असलेला,
(सही)
फिन्टन गेगन
रस्त्याकडेचे घर, डेरीनामोनाच्या अलीकडे

सोबत :
१. डॉक्टरांच्या दाखल्याची प्रत (मृत्यूचे ठिकाण : डेरीनामोना).
२. चर साफ न केल्याची नोटीस.
३. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या सरपण-मदतीचे मंजुरीपत्र.
४. टर्फची एक वीट, वाळलेली. ही कोणीही कापलेली नाही.