घसा बसल्याच्या नोंदी

१८ जून, सकाळी
आवाज बसून सहा दिवस झाले. हांडसुरेनताईंनी घसा तपासला. (माझ्या बायकोची, देजिदची, थोरली बहीण. दवाखान्यात नर्स.) म्हणाल्या, वीस वर्षं वर्गात ओरडलास, सुजेल नाहीतर काय. औषध एकच, तीन आठवडे तोंड बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही.
नादामच्या सणातल्या घोड्यांच्या शर्यती ११ जुलैला. जिंकलेला घोडा लोकांसमोर आणून त्याची स्तुती गायची, हे काम आमच्या गावात अकरा वर्षं माझं. त्याआधी तीस वर्षं वडिलांचं. त्यांनी एकदाही 'बरं झालं' म्हटलेलं नाही. गेल्या वर्षी म्हणाले, ओझं लादताना उंट ओरडतो तसा गातोस. आता त्र्याऐंशीचे आहेत. दिसत जवळजवळ नाही, ऐकू मात्र सगळं येतं. यंदा ते दोन शब्द ऐकायचेच. घशाबद्दल त्यांना काही कळवायचं नाही.
मौन उद्यापासून. पण नुसतं मौन म्हणजे उपचार नव्हे. आमच्या गोबीच्या वाळवंटात पावलापावलावर औषध उगवतं आणि जीवशास्त्राचा शिक्षक हात बांधून बसणार?

१९ जून
मौन : पूर्ण पाळलं. (ताईंना माझी योजना समजावून सांगितली, ते धरलेलं नाही. वैद्यकीय होतं.)
कोरड्या ओढ्यात जाऊन ज्येष्ठमधाची मुळं खणली. दिवसातून सहा वेळा काढा.

२३ जून
घसा मऊ वाटतो. आवाज नाही, पण मऊपणा निश्चित. घोटे सुजलेत, डोकं ठणकतं. देजिद म्हणाली, घशातली सूज पायात उतरली, चला, प्रगती आहे. मला हे शास्त्रीयदृष्ट्या अशक्य वाटत नाही.
ताईंनी रक्तदाब घेतला आणि मुळं उचलून नेली.
त्याआधी दुकानात तिघांनी विचारलं, ही कसली मुळं. अज्ञान पसरू देणं बरोबर नाही. वीसेक मिनिटं बोललो. हळू आवाजात.

२६ जून
नवा विचार : दोष घशात नाही, पोटात आहे. रानातल्या रेवाचिनीचं मूळ किसून घेतलं. डोस अंदाजाने.

२७ जून
अंदाज चुकला.
कुंपणाच्या कोपऱ्यातल्या संडासात सकाळ गेली. शेजारच्या बाल्जिरने बाहेरून तीनदा विचारलं, जिवंत आहात ना. उत्तर दिलं नसतं तर दार तोडलं असतं त्याने. ओरडावं लागलं. हे मौनभंगात धरावं का, यावर बराच विचार केला. धरलं नाही. जीवनमरणाचा प्रश्न होता.

३० जून
हरमलच्या बियांची धुरी. दारं लावून, डोक्यावर गोधडी घेऊन, पाऊण तास. खोकला अजून थांबलेला नाही. देजिद अंथरुणं उन्हात टाकत म्हणाली, मला मांस धुरवायचं असतं तर बोकड आणला असता, नवरा कशाला.
प्रामाणिकपणे लिहायचं तर घसा आधीपेक्षा वाईट आहे. पण बरं होण्याआधी त्रास वाढतो असं वाचलं आहे. कुठे, ते आठवत नाही.

३ जुलै, दुपारी
नादाम समितीची बैठक. अध्यक्ष म्हणाले, दहा तारखेपर्यंत आवाज आला नाही तर पशुवैद्य तोमोरहू गाईल. तोमोरहू माझा विद्यार्थी. उभा राहून म्हणाला, सर, गाणार तुम्हीच, मी नुसता मागे उभा राहतो. इतका नम्र की राग आला.
मी पंधरा मिनिटं मुद्देसूद पटवून दिलं की माझा घसा उत्तम आहे. शेवटची पाच मिनिटं कुणाला ऐकू आली नाहीत.
मी मौन खरंच पाळलं आहे का? मागच्या नोंदी चाळल्या. प्रत्येक वेळी कारण होतं.

६ जुलै
आज आवाज आला!! सोमलतेच्या काड्यांचा काढा, दोन वाट्या. छाती घोड्यासारखी धावते आहे, हात थरथरतायत, पण आवाज आहे. खरखरीत, तरी माझाच. विहिरीवर माणसं जमली होती. मौनाचं महत्त्व या विषयावर त्यांना तासभर सांगितलं. सगळे शांतपणे ऐकत होते.

६ जुलै, संध्याकाळी
आवाज गेला. ताईंनी सोमलता चुलीत टाकली. म्हणाल्या, पुन्हा हे प्यायलास तर नादामला तुझी स्तुती गावी लागेल, तीही तू आडवा पडलेला असताना.

१० जुलै
काही नाही. रानकांद्याचा रस, उंटिणीचं दूध, गरम मीठ, सगळं झालं. फक्त हवा येते. आरशासमोर तोंड उघडून उभा होतो. देजिद आज टोमणा न मारता चहा ठेवून गेली, त्याने जास्त भीती वाटली.
वडिलांना भाऊ गाडीतून घेऊन आला. मी गळ्याला रुमाल गुंडाळून त्यांचा हात हातात घेतला. म्हणाले, गप्प का रे. देजिदने सांगितलं, उद्यासाठी आवाज जपतोय. म्हणाले, शहाणपण सुचलं म्हणायचं.

११ जुलै
तोमोरहू गायला. पहिल्या पाचही घोड्यांची स्तुती. मला समितीने दयेपोटी शेवटच्या शिंगराची दिली. सगळ्यांत मागे राहिलेल्या दोन वर्षांच्या शिंगराचीही आपण स्तुती गातो, पुढच्या वर्षी तूच पहिला येशील म्हणून. लगाम धरून माईकपुढे उभा राहिलो. तोंड उघडलं. भोंग्यातून वाऱ्यासारखा फुस्स आवाज आला. लोकांना वाटलं, माईक बिघडला. दोघं तार तपासायला धावले. शेवटी तोमोरहूने माझ्या हातातून लगाम घेतला. 'माफ करा सर' म्हणाला.
चांगला गायला. फार चांगला. हेही लिहिलं पाहिजे.

१२ जुलै
काल नीट लिहिलं नाही. एक गोष्ट राहिली.
वडील शेवटच्या ओळीत गाडीला टेकून खुर्चीवर बसले होते. भोंगा तिथून जवळ, माणसं लांब; भोंग्यातून सगळे आवाज सारखेच. मी देजिदबरोबर त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, बरं झालं. मग म्हणाले, अकरा वर्षं लागली तुला, पण आज बरं झालं.
देजिद खरं सांगायला पुढे झाली. तिला आवाज आहे, ती सांगू शकली असती.
मी तिचा हात दाबला.
नोंद खरी असावी म्हणून लिहून ठेवतो : हात मीच दाबला.