पारदर्शक होईपर्यंत

३ जानेवारी २०२५, वडूज
चि. सुधीरने त्याच्या आईच्या, सुमनच्या, आजाराविषयी प्रयोगशाळेस पाठविलेले टिपण वाचले. भाषा बरी, तारखा चुकीच्या. ‘दहाव्या दिवशी माहुलीस अस्थिविसर्जन झाले’ हे तर घडलेलेच नाही. अस्थींचे मडके परसातील कडुलिंबाला टांगलेले आहे. तिचा मेंदू आम्ही त्या प्रयोगशाळेला संशोधनासाठी दिला. तो परत आल्यावाचून तिला अपुरी नदीत सोडणार नाही.

९ जानेवारी
नात मुक्ता त्याच प्रयोगशाळेत. फोनवर तिने समजावले. धुक्यात गाडीचा दिवा लावावा तसा मेंदूत शिरताच प्रकाश विखुरतो. म्हणून मेंदूच्या तुकड्यातील चरबी काढून तो द्रावणात भिजत ठेवतात. काचेसारखा झाला की सूक्ष्मदर्शकाला खोलवरचे दिसते. किती दिवस, हे विचारले. “आजोबा, घाई केली तर सगळं धूसर येईल.” उरलेले परत मिळू शकते.

१७ जानेवारी
सुमनचा धाकटा भाऊ शंकर कवठे महांकाळहून आला. चहा न घेता थेट परसात.
“दाजी, आक्काला अशी किती दिस टांगून ठेवणार?”
काचेसारख्या तुकड्याचे सांगितले.
“म्हंजी डोळ्याला दिसणारच न्हाई? मग नदीत काय सोडणार तुमी, रिकामी बरणी?”
जाताना मडक्याला नवी दोरी बांधून गेला.

२ फेब्रुवारी
मुक्ताने चित्र पाठविले. काळ्यावर हिरवे तंतू, एकामागे एक, आत आत गेलेले. मधूनमधून गाठी, तो आजार. चित्र दाखवावे असे घरात कोणी नाही. परसात जाऊन आलो. एकट्यापुरता भात लावला, तोही उरला.

८ फेब्रुवारी
तुकडे कायमचे ठेवू द्याल का, असे मुक्ता विचारते. आजाराच्या तारखा नेमक्या कळल्या तर गाठींशी जुळवून पाहता येतील. “तुमच्याइतकं आजीजवळ कुणी नव्हतं.” तारखा देतो म्हणालो. पहिल्या प्रश्नावर मात्र…

११ फेब्रुवारी
मुक्तास कळवावयाच्या दुरुस्त्या:

विस्मरणाची सुरुवात: मार्च २०२१ नव्हे, त्याच वर्षीची संक्रांत. मला तिळगूळ दिला, थोड्या वेळाने पुन्हा दिला. दोन्ही खाल्ले.

पतीस न ओळखणे: जून २०२४ नव्हे, गणेश चतुर्थी. जूनमध्ये ती सुधीरला ओळखत नव्हती.

निधन: १९ नोव्हेंबर. बरोबर.

अस्थिविसर्जन: २८ नोव्हेंबर खोडावे. जागा तूर्त कोरी ठेवावी.