पाच पुरुष पाणी

रविवार, ता. ६ एप्रिल १९५८
साडेपाचला पवनेवर. नदी आटत आली, डोह मात्र तुडुंब. काठ ते काठ चार फेऱ्या, दम न घेता. बेचाळिसाव्या वर्षी वाईट नाही. उंबरावरून उडी. उथळ पाणी उडीला टाळी देतं, खोल पाणी गिळतं. आवाजावरून तळ सांगतो मी. आमच्या रविवारच्या टोळीतला गणपतभाऊ म्हणे, "शेट, पान्याची नाडी बघताय व्हय?" हसला तरी कान देऊन ऐकत होता. वळकटी घेऊन साताऱ्याहून आलो तेव्हा इथं कुत्रं ओळखत नव्हतं. आज नदीचं काही विचारायचं तर लोक माझ्या वखारीवर येतात.

बुधवार, ९
नव्या कारखान्याचा ओव्हरसियर वखारीत. वासे बघता बघता त्यानं विचारलं, "उन्हाळ्यात डोहाला पाणी किती?"
"पाच पुरुष. मे अखेरही हटत नाही."
"पुरुष म्हणजे?"
"माझ्या उंचीची पाच माणसं एकावर एक उभी करा."
खूश झाला, वहीत उतरवलं. मग म्हणे पंप तिथंच बसवू, वसाहतीला पाणी होईल, काठाला कुंपण. हातातला चहा खाली ठेवला. कुंपण म्हणजे आमचे रविवार संपले. माझ्याच तोंडानं.
घरी सांगितलं. ही म्हणाली, "अहो, पण मोजलाय कुणी?"
नाही. नुसता कान.
"मग चुकला असाल तर बरंच की."
चुकलेलो असावं असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

रविवार, १३
टोळी यायच्या आत आम्ही दोघंच. हिचा बाप वर मावळात नावाडी. पाणी हिला लहानपणापासून. कासोटा आवळला, कमरेला दोर, दुसरं टोक माझ्या हातात. उंबराखाली बुडी. दोर सरकतोय, सरकतोय... घाबरलो, खरं सांगायचं तर. वर आली ती मुठीत काळा गाळ घेऊन. टोळीतल्या एकाही गड्यानं तळ आणलेला नाही.
दोर मोजला. माझ्या उंचीचे पाच, वर एक वीत.
"वरची वीत माझी धरा," म्हणाली.
आणखी तीन ठिकाणी बुडाली. उंबराखालचा खड्डा सोडला तर सगळीकडे दोनच पुरुष. म्हणजे कान खरे. अन् आता खरं असून पंचाईत.

मंगळवार, १५
ओव्हरसियर पुन्हा. गुरुवारी साहेबांना आणतो, खोली मोजायला दोरी-शिसं आणतो, खोल जागा तुम्ही दाखवा.
गणपतभाऊला सगळं सांगितलं. "उंबराकडं बघूच नगा. मधी दोरी सोडायला लावा, दोन पुरुष भरंल, जात्याल माघारी."
"आणि माझा शब्द?"
"शबूद घिऊन पवायला कुटं जानार, शेट? देहूला?"
तोही चुकीचं बोलत नाही. पण चारचौघांत माझे पाच दोनावर यायचे, आणि हिनं आणलेला गाळ कुणाला कळायचाच नाही. त्याचंच जास्त.

बुधवार, १६
रविवारचा नेम मोडून आज पोहून आलो. पाणी गार, काठावर खंड्या. जाताना-येताना उंबराकडे बघायचं टाळलं, जमलं नाही.
हिला विचारलं, कुठली जागा दाखवू?
"मी पाणी मोजलं. तुम्हाला नाही."
साहेब उद्या आठला येणार. मी सहालाच जाईन, उंबरावरून शेवटची उडी मारायला.