होमिंगचा ठोकळा

६ तारीख, सोमवार. सकाळ.
ही डायरी कुणी वाचायची नाही. मीही वाचणार नाही. मला येतच नाही. सून लिहून घेते. तिने मध्ये बोलायचं नाही, असं ठरलंय.
मुलाने शेडमध्ये लोखंड कापायचा कॉम्प्युटरवाला लेथ आणलाय, सेकंडहँड. शुक्रवारी गिऱ्हाईक बघायला येणार. चालला तर वर्षभराचं काम. नाही चालला तर शेड बंद आणि मुलगा दूरच्या कारखान्यात नोकरीला, सून-नातवंडांसकट. म्हणजे जबाबदारी माझ्यावर आली. ह्यांच्या जुन्या लेथपाशी मी उभा जन्म काढलाय.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
मुलाने समजावलं. मशीन चालू केलं की आपण कुठे उभे आहोत हे त्याला आठवत नाही. आमच्या थोरल्या भाऊजींसारखं. म्हणून टूल, म्हणजे कापायचं पातं, आधी हळूहळू कोपऱ्यात जातं, तिथे लोखंडी ठोकळा स्विचला टेकतो, मग त्याला ठिकाण कळतं. हे होमिंग. तिथून कुठवर जायचं ती हद्द कॉम्प्युटरमध्ये भरायची, म्हणजे टूल माल धरून फिरणाऱ्या चकवर आपटत नाही. ही सॉफ्ट लिमिट. मी म्हटलं, एवढंच ना? तो म्हणाला, एवढंच, आई. दिवसभर खपून भरली. छान चाललं.

७, मंगळवार.
सगळ्यांच्या आधी उठून मशीन पुसलं. ठोकळ्याखाली हा एवढा काळा मळ! स्क्रू सैल केला, ठोकळा सरकवला, पुसलं, होता तिथेच बसवला. अंदाजाने. माझा अंदाज चुकत नाही.
मशीनने मापं चुकवली. सगळा माल भंगारात. मुलाने लिमिट पुन्हा भरली. पोरगा हुशार, पण धांदरट. वडिलांवर गेलाय.

८, बुधवार.
पुसलं. ठोकळा सरकवून त्याच्याखालीसुद्धा. आज टूल चकला घासलं, ठिणग्या उडाल्या. मेकॅनिक आला. म्हणाला, संध्याकाळी ठीक असतं, सकाळी बिघडतं, कळत नाही. मी म्हटलं, जुन्या मालकाची आठवण येत असेल. कुणी हसलं नाही.
सुनेने माळ्यावरून सुटकेसा काढल्यात. माझ्या हातात काय आहे? फक्त स्वच्छता. तेवढी तरी चोख ठेवायची.

९, गुरुवार.
मेकॅनिक जाताना ठोकळ्यावरून खालच्या पट्टीपर्यंत लाल रंगाची रेघ ओढून गेलेला. काय ही बेशिस्त! रॉकेलने घासून लख्ख केलं. खालचा मळही काढला.
मुलाने विचारलं, रेघ कुठे गेली? ठोकळा हलतो का ते कळायला होती. सांगितलं. ठोकळ्याचंही सांगितलं, रोजचं. कौतुक करेल वाटलं. तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, आई, दमली असशील. मी म्हटलं, छे रे!
सून लिहिता लिहिता सारखी खोकतेय. काढा घे म्हटलं.

१०, शुक्रवार.
पहाटे गेले तर शेडला कुलूप. चोरांची भीती असणार.
दुपारी गिऱ्हाईक आलं. मी बाहेरून कान लावला. मशीन कोपऱ्यात गेलं, टेकलं, परत आलं, कापू लागलं. आवाजात खोट शोधली. सापडेना. काम मिळालं. सुटकेसा परत माळ्यावर.

११, शनिवार.
कुलूप आजही. किल्ली मागितली. मुलगा म्हणाला, आई, तू आता आराम कर.
सुनेला म्हटलं, लिही, आराम करते आहे. तिने लिहिलं. मग विचारलं, पुढे?
पुढे काही नाही.