श्रमसेनेचे बिल्ले

शनिवार, ६ फेब्रुवारी १९९९
आज रुजू झाले एकदाची. अकरा वर्षं मुंबईत एक्स्पोर्टच्या कपड्यांची तपासणी केलेली बाई मी, आणि इथे आखातात तीन वर्षं अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये कुकरच्या शिट्ट्या मोजत बसले होते. सकाळी सव्वासहाला कंपनीची व्हॅन, पाऊण तासात उम्म अल कुवैनची फॅक्टरी. निघताना विजयकुमारने, म्हणजे नवऱ्याने, धूळ फार असते म्हणून बजावलं. मिहिकाने इंग्रजीत सांगितलं की आता तरी मी तिच्या होमवर्कच्या मागे लागणार नाही. दहा वर्षांची आहे, पण जीभ बघा.

फॅक्टरी म्हणजे पत्र्याची लांब शेड. कटिंग मास्टर बदरुद्दीन सोलापूरचे. भरतकाम बघणारी हमीदा रत्नागिरीची. म्हणजे दिवसभर मराठी. मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं.

मंगळवार, ९ फेब्रुवारी
सध्या एकच मोठी ऑर्डर आहे. कुठल्या देशाची ते कागदावर नाही, नुसतं ‘राष्ट्रीय श्रमसेना’. बदरुद्दीनभाई म्हणाले, तिथे एकाच माणसाचं राज्य आहे. त्याने सगळ्या युनियन खलास केल्या आणि झाडूवालीपासून इंजिनियरपर्यंत सगळ्यांना एका सेनेत घातलं. खाणवाल्यांची कॉलर काळी, शेतीवाल्यांची हिरवी, गिरणीवाल्यांची निळी. छातीवर दातेरी चाक आणि कणसाचा बिल्ला. खांद्यावर लाल पट्ट्या, एक ते सात. सात पट्ट्या म्हणजे मुकादम. लहान मुलांचंही एक दल आहे, त्यांचे गणवेश तर इतके गोड दिसतात.

मापं फॅक्सने येतात, रोज अकरा वाजता. नावं नाहीत, फक्त नंबर, माप आणि निघायची तारीख. कपड्यांना कसली आलीय निघायची तारीख, माल तर दर रविवारी जातोच. पण सरकारी काम, विचारायचं कुणाला.

नियमांची जाड वही आहे. त्यात एक मजेशीर नियम सापडला: बिल्ला शेवटी लावायचा, आणि बिल्ला लागलेला कपडा अंगावर चढवील तो सेनेत रुजू समजावा.

रविवार, १४ फेब्रुवारी
आज बायकांच्या जॅकेटचा नमुना अंगात घालून बघितला. बिल्ल्यासकट. माझी पद्धतच आहे ती. कपडा टेबलावर कितीही शहाणा दिसू दे, अंगावर गेला की खरा स्वभाव कळतो. बिल्ला अर्धा इंच खाली होता, पकडला की नाही?

हमीदाचा चेहरा उतरला. माझ्या आधीच्या बाईनेही असंच घातलं होतं म्हणे, आणि दहा दिवसांत ती डबा टेबलावर ठेवून निघून गेली. मी म्हटलं, माणसं नोकऱ्या सोडतातच. पण कामाचा झपाटा असा काही आला आज की जेवायचीसुद्धा आठवण राहिली नाही.

गुरुवार, १८ फेब्रुवारी
मिहिकाच्या शाळेत फॅन्सी ड्रेस आहे. मुलांच्या दलाचं एक जॅकेट शिलाई वाकडी म्हणून बाद झालं होतं, ते घरी आणलं. रिजेक्ट माल घरी नेत नाही अशी कपड्याच्या धंद्यातली बाई मला दाखवा. बिल्ला उसवायचा कंटाळा केला. तो असला की शोभा येते.

तिला काय चपखल बसलं. आरशासमोर ताठ उभी राहिली. काढायलाच तयार नव्हती.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी
सुट्टी. पण बसवेना. पहाटे पाचला उठून सगळे डबे घासले, पडदे धुतले, परत घासले. हात नुसते शिवशिवतात. विजय म्हणाला, तू बस बघू जरा. बसले की पायांत मुंग्या येतात.

बाल्कनीत गेले तर मिहिका फरशी घासत होती. कुणी सांगितलं नव्हतं. बोटं सोललेली. मी ब्रश काढून घेतला तर रडायला लागली, आणि रडता रडता हाताने घासायला लागली.

सोमवार, २२ फेब्रुवारी
अकराच्या फॅक्समध्ये शेवटच्या दोन ओळी. पहिलीत माझी मापं. माझा उजवा खांदा अर्धा इंच उतरलेला आहे. माझ्या शिंप्याशिवाय हे कुणाला माहीत नाही. तिथे लिहिलं होतं.

दुसरी ओळ: बालदल. छाती पंचवीस, कंबर तेवीस, बाही साडेसतरा. दोन्ही ओळींना निघायची तारीख एकच. रविवार, अठ्ठावीस.

मला वाटलं बदरुद्दीनभाईंनी थट्टा केली. त्यांनी कात्री खाली ठेवली. म्हणाले, तारीख कपड्यांची नसते, बेटी. माणसांची असते.

मंगळवार, २३ फेब्रुवारी
घरचं जॅकेट जाळलं. अकराला फॅक्स आला, ओळ तशीच.
विजयला सगळं सांगितलं. तो डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतो म्हणाला. माझ्यासाठी. मिहिकाकडे बघ म्हटलं तर म्हणतो, मुलगी कामसू झाली तर चांगलंच आहे. मला त्याचा इतका राग आला. तिने शाळेच्या बाईंना नाव न सांगता नंबर सांगितला, तरी याचं आपलं तेच.

बुधवार, २४ फेब्रुवारी
रात्रभर हात चालू. सकाळी नियमांची वही पहिल्या पानापासून वाचली. उभ्यानेच, बसवत नाही. पान त्रेसष्टवर सापडलं: मुकादमाला आपल्या घरातलं एक माणूस सेनेतून सोडवता येतं.
मुकादम. सात पट्ट्या.
हमीदा म्हणाली पुढचंही पान वाच. पण शिट्टी झाली. इथे शिट्टी कुणीच वाजवत नाही. तरी मला ऐकू येते. मशीनवर जाऊन बसले.

गुरुवार, २५ फेब्रुवारी
माझ्या मापाचं जॅकेट शिवून तयार होतं. खांद्यावर सात पट्ट्या मीच टाचल्या. हमीदाने हात धरला, मी तिला ढकललं. तिचं चुकलं नव्हतं, मला कळत होतं. घातलं.

अकराचा फॅक्स. बालदलाच्या ओळीवर काट.

घरी फोन केला. मिहिका झोपलीय म्हणाला विजय. चार दिवसांनी झोपली. मी फोन धरून रडले, आणि रडताना दुसऱ्या हाताने टेबल पुसत होते. जाईन मी. मी गेले तर चालेल.

शनिवार, २७ फेब्रुवारी
जॅकेट निघत नाही —
विजयला दिसत नाही. म्हणतो, तू तर सलवार-कमीज घातलीस.
मिहिकाला दिसतं. ती जवळ येत नाही. बरंच आहे, येऊ नये.

वही उघडली. पुढचं पान. पान चौसष्ट. मुकादमाने निघण्याआधी सेनेसाठी दहा नवीन माणसांची मापं द्यावीत.
नाही देणार.

रविवार, २८ फेब्रुवारी
बाहेर बस उभी आहे. खिडक्या रंगवलेल्या.
कोरा फॉर्म. दहा ओळी. पेन ठेवलं की हात उचलतो. हातावर बसले. उपयोग नाही —

बदरुद्दीनभाईंचं माप नजरेने कळतं मला. लिहिलं. हमीदाचं. विजयचं. शेजारच्या शहनाझचं. माफ करा — हात —
नऊ झाली.

आता कुणाचंच आठवत नाही. बरं झालं. देवा, आठवू देऊ नकोस.
शिट्टी.
एकच माप पाठ आहे. तिला गेल्याच महिन्यात फ्रॉक शिवला होता मी — नको — पेन काढून घ्या कुणीतरी —

१०) छाती पंचवीस, कंबर तेवीस, बाही साडे